पत्ता जपणे : रुमालापासून फाइलच्या वाटेपर्यंत

(कामठी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाची पाटी वाचून दोघा-तिघांनी आम्हाला फाटकातच अडवलं. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे कॉम्प्युटरच्या फाइलचा पाथ कॉपी करणं वगैरे तुमच्याकडे कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. आमच्या नातवालाही तो पडला होता. उत्तर असं की हा विषय आमच्याकडे आला तो एका नुकसानीच्या वाटेने. ती हकीकत शेवटाकडे सांगू. आधी इतिहास, कारण इतिहास कळल्याशिवाय आमचं नेमकं चुकलं काय ते कळत नाही.

सुरुवात आपल्या गावापासून करू. कन्हानच्या काठावर इंग्रजांनी १८२१ साली छावणी वसवली. सीताबर्डीची लढाई १८१७ ची, म्हणजे तिला चार वर्षं झाली होती. 'कॅम्प टी' वरून कामठी झालं असं आपण लहानपणापासून ऐकतो. खरं-खोटं बाजूला ठेवू. आमचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे आहे. नाव पडल्याची ही गोष्ट लोकांना पटते, कारण तिच्यात गावाचं नाव हाच एक पत्ता आहे. अमुक अक्षराची छावणी. कुणीतरी कागदावर खूण केली आणि त्या खुणेवरून जागा ओळखली जाऊ लागली.

पत्ता म्हणजे काय? वस्तूपर्यंत पोचण्याची लिहून ठेवलेली वाट. वस्तू वेगळी, वाट वेगळी. आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्यात आहे. पुढचं सगळं उदाहरणं.

पहिलं उदाहरण दफ्तराचं. मराठेशाहीतले कागद मोडीत लिहिलेले. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात फारसा न उचलता लिहीत जायचं. मोडी हीच मुळी वेळ वाचवण्याची युक्ती होती, तिला त्या काळचा शॉर्टकट म्हणा. पण भराभर लिहिलं की कागद भराभर वाढतात, आणि वाढलेल्या कागदांत एखादा शोधायचा कसा हा प्रश्न उभा राहतो. त्यावरचा तोडगा म्हणजे रुमाल. चौकोनी कापडात कागदांचा गठ्ठा बांधायचा, वर चिठ्ठी लावायची, आणि असे रुमाल प्रकारवार रचून ठेवायचे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हे आजही दिसतं. शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, आंग्रे दफ्तर असे विभाग. विभागात रुमाल, रुमालात पुडकी, पुडक्यात कागद. आमचा नातू याला लगेच म्हणाला, "म्हणजे फोल्डरमध्ये फोल्डर!" अगदी बरोबर. फक्त हे फोल्डर धुता येत होते. (हशा)

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, जुन्या कागदांची मांडणी आहे, त्यात विशेष काय? विशेष असं की या वाटेवर माणसांची पोटं अवलंबून होती. पेशवाई १८१८ साली गेली. दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात आलं. पुढे इनाम कमिशन बसलं आणि १८५२ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. दख्खनमधल्या इनामदारांना विचारलं गेलं की ही जमीन तुम्हाला कोणी, केव्हा, कशासाठी दिली? दाखवा. आणि तुमच्या घरातल्या सनदेचा मेळ दफ्तरातल्या नोंदीशी घातला जाई. मेळ बसला तर जमीन राहिली, नाही बसला तर सरकारजमा. आता विचार करा. एखाद्याची नोंद दफ्तरात खरोखर असेल, पण ती कुठल्या रुमालात आहे हे कोणालाच सांगता येत नसेल, तर? कागद असून नसल्यासारखा. तत्त्वज्ञानात आम्ही 'असणं' आणि 'ज्ञात असणं' यांत भेद करतो आणि विद्यार्थी जांभया देतात. इनामदाराला तो भेद जांभई न देता कळला असता.

पुढे इतिहास लिहिणारे आले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यावरचे, तळघरातले कागद त्यांनी गोळा केले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड १८९८ चा. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले, ते १९३० नंतरच्या वर्षांत. या थोर माणसांनी कागद वाचले, छापले, हे तर झालंच. पण त्यांनी आणखी एक काम केलं ज्याचं कौतुक कमी होतं. त्यांनी प्रत्येक कागदाला लेखांक दिला. खंड अमुक, लेखांक अमुक. त्या दिवसापासून नागपुरात बसलेला माणूस कोल्हापुरातल्या माणसाला दोन आकड्यांत सांगू शकतो की मी कोणत्या पत्राबद्दल बोलतोय. तळटीप म्हणजे दुसरं काय? वाट उतरवून घेऊन आपल्या पानाच्या तळाशी ठेवणं. आजच्या भाषेत, पाथ कॉपी करून पेस्ट करणं.

आणि इथे एक गंमत आहे. तळटिपांत आपण लिहितो 'तत्रैव'. म्हणजे 'तिथेच, वर सांगितलं त्याच ग्रंथात'. सोय छान आहे, वेळ वाचतो. पण आम्ही प्रबंध लिहीत होतो तेव्हा मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून मध्ये एक नवी तळटीप घातली, आणि खालची सगळी 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागली. एकेक तपासायला आठवडा गेला. संगणकवाले याला सापेक्ष पाथ म्हणतात. मुळापासून सांगितलेली वाट ती पूर्ण पाथ, आणि 'इथून दोन घरं सोडून' ती सापेक्ष. सापेक्ष वाट छोटी असते, पण तुम्ही हललात की ती चुकते.

दफ्तरातून कचेरीत येऊ. आपल्याकडच्या जमिनीच्या कागदावर काय असतं? जिल्हा नागपूर, तालुका कामठी, मौजा अमुक, प.ह.नं. अमुक, खसरा क्रमांक अमुक. मोठ्याकडून लहानाकडे उतरत जाणारी वाट. आणि सरकारी पत्राच्या डोक्यावर काय असतं? विषयाचं नाव, वर्ष, मग तिरपी रेघ, प्र.क्र. म्हणजे प्रकरण क्रमांक, पुन्हा तिरपी रेघ, मग कार्यासन. या तिरप्या रेघा आपण आयुष्यभर पाहिल्या आणि त्यांना सरकारी नक्षी समजलो. ती नक्षी नव्हे. ते सांगतात की हा कागद कोणत्या टेबलावर, कोणत्या प्रकरणात, कोणत्या वर्षाच्या गठ्ठ्यात आहे.

आम्ही हे निवृत्त झाल्यावर शिकलो. पेन्शनच्या एका फरकासाठी एका कचेरीत आठ महिने खेटे घातले. दर वेळी साहेबांना आमची कैफियत सविस्तर, तर्कशुद्ध, मुद्देसूद सांगायचो. साहेब ऐकून घ्यायचे. एक दिवस तिथला शिपाई आम्हाला चहाच्या टपरीवर म्हणाला, "सर, गोष्ट कायले सांगता? बारनिशीतून जावक क्रमांक लिहून आना, फाइल निघते." क्रमांक लिहून नेला. पंधरा मिनिटांत फाइल टेबलावर. चाळीस वर्षं आम्ही तर्कशास्त्र शिकवलं, पण तो शिपाई आमच्यापेक्षा नेमकं बोलत होता. आम्ही वस्तूचं वर्णन करत होतो, तो तिचा पत्ता मागत होता.

तिसरं उदाहरण टपालाचं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपलेच मराठी माणूस, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार. संस्कृतच्या माणसाने हे करावं याचं आम्हाला तरी नवल वाटत नाही. ज्या परंपरेत सूत्रातली एक मात्रा वाचली तरी आनंद मानतात, तिथल्या माणसाने अख्खा देश सहा आकड्यांत बसवला. आपला आकडा बघा : ४४१००१. पहिला ४ म्हणजे पश्चिमेकडचा विभाग, त्यात महाराष्ट्र आला. ४४ म्हटलं की विदर्भ. ४४१ म्हटलं की टपाल वेगळं करण्याचा जिल्हा. नागपूर शहर ४४० मध्ये, आपण ४४१ मध्ये. शेवटचे तीन आकडे डाकघराचे. गावांची नावं सारखी असतात, अक्षर वाईट असतं, पाकिटावर भाषा कोणतीही असू शकते. आकड्याला त्याचं काही नाही.

पण आता पाकीट डोळ्यांसमोर आणा. वर नाव, मग घर, मग गल्ली, मग मु. पो., तालुका, जिल्हा. लहानाकडून मोठ्याकडे. आणि त्याच पाकिटावरचा पिनकोड मोठ्याकडून लहानाकडे. माणूस स्वतःपासून सुरुवात करतो, यंत्रणा मुळापासून. संगणकाने यंत्रणेची रीत उचलली.

ती केव्हा उचलली? १९६५ साली अमेरिकेत मल्टिक्स नावाच्या प्रणालीसाठी डेली आणि न्यूमन या दोघांनी एक निबंध वाचला. फाइलींची मांडणी झाडासारखी करावी, एक मूळ, त्याला फांद्या, फांद्यांना फांद्या, आणि प्रत्येक फाइलची ओळख म्हणजे मुळापासून तिच्यापर्यंतची वाट. संगणकवाले हे झाड काढतात ते उलटं, मूळ वर आणि फांद्या खाली. गीतेचा पंधरावा अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांना हा अश्वत्थ ओळखीचा वाटेल. पुढे १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये थॉम्पसन आणि रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. त्यात वाटेतल्या पायऱ्या वेगळ्या दाखवायला तिरपी रेघ आली. आपल्या प्र.क्र. मध्ये असते तशीच.

मग विंडोजमध्ये ती उलटी का झुकते? हा प्रश्न आम्हाला एका विद्यार्थिनीने विचारला होता. कारण साधं, घरातल्या जागेच्या भांडणासारखं आहे. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. तिथे सरळ तिरपी रेघ आज्ञेला जोडायच्या सूचनांसाठी आधीच वापरात होती. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा ती जागा अडलेली. म्हणून उलटी रेघ घेतली. चाळीस वर्षं झाली, कोट्यवधी लोक ती टाइप करतायत. बहुतेक परंपरा अशाच सुरू होतात. आधी अडचण, मग सवय, मग 'आमच्याकडे असंच करतात'.

कापणं, उतरवणं आणि चिकटवणं हे तिन्ही शब्द छापखान्यातले. कात्री आणि गोंद. लॅरी टेस्लर या गृहस्थाने टिम मॉटबरोबर १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ते पडद्यावर आणले. २०२० साली ते वारले. आपल्याकडे याला जुना शब्द आहे : नक्कल. तहसिलीत आपण 'नक्कल काढतो', आणि तिच्यावर शिक्का पडतो 'खरी नक्कल'. ज्या भाषेत 'खरी नक्कल' हा शब्दप्रयोग आहे, तिला तत्त्वज्ञानाची पुस्तकं कमी लागतात. (हशा)

आता आमची हकीकत.

आमचे एक मित्र होते, शाळामास्तर, याच गावचे. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. त्यांना मोडी येत होती. गावातल्या आणि आसपासच्या जुन्या घरांत जाऊन ते कागद वाचायचे. घेणंदेणं, वाटणीपत्रं, लग्नातल्या आहेराच्या याद्या. राजेरजवाड्यांचं काही नाही. चार वर्षं ते वाचत गेले आणि आम्ही देवनागरीत टाइप करत गेलो. चौदा प्रकरणं झाली. मग गुरुजी गेले. वर्षश्राद्धाला पुस्तक काढायचं ठरलं.

दरम्यान आमचा संगणक मंद झाला होता. दुरुस्तीवाला मुलगा म्हणाला, "डिस्क बदलतो. सर, तुमचं सगळं काढून घेतलं ना?" आम्ही म्हटलं, हो. डेस्कटॉपवर चौदा चित्रं होती, चौदाच्या चौदा पेनड्राइव्हवर ओढून घेतली होती. चटकन झालं याचं कौतुकही वाटलं. जुनी डिस्क गेली. महिन्याने पेनड्राइव्ह घेऊन छापखान्यात गेलो. तिथल्या पोराने उघडून पाहिलं आणि म्हणाला, "सर, याच्यात काहीच नाही. नुसते बाण आहेत."

त्या चित्रांच्या डाव्या कोपऱ्यात छोटासा वाकडा बाण असतो. आम्ही तो रोज पाहिला होता. तो बाण सांगतो की मी वस्तू नव्हे, मी वस्तूकडे जाणारी वाट आहे. मूळ फाइली डी ड्राइव्हमध्ये खोल एका फोल्डरात होत्या. आम्ही चौदा पत्ते उचलून आणले होते आणि घर पाडून टाकलं होतं.

न्यायदर्शन आम्ही पंचवीस वर्षं शिकवलं. शब्द आणि वस्तू एकच नव्हेत, यासाठी नैयायिक काय म्हणतात हे आम्हाला झोपेत विचारलं तरी सांगू : अन्न म्हटल्याने तोंड भरत नाही, अग्नी म्हटल्याने ते पोळत नाही, तलवार म्हटल्याने ते चिरत नाही. आणि तेच आम्ही छापखान्याच्या बाकावर चौदा बाण घेऊन बसलो होतो. घरी गेल्यावर गुरुजींच्या पत्नींना काय सांगायचं हे सुचत नव्हतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, त्यांच्या वह्या आहेत ना माझ्याकडे."

वह्या आणल्या. मजकूर त्यांत नव्हता, कारण गुरुजी तोंडी वाचायचे आणि आम्ही टाइप करायचो. तीन प्रकरणांची छापील प्रुफं आमच्याकडे निघाली. प्रत्येक पानाच्या तळाशी फाइलचा संपूर्ण पाथ छापलेला, डी पासून सुरू होणारा. तो आग्रह गुरुजींचा, कागदावर तो कुठून आला हे असलंच पाहिजे म्हणायचे. आता ती वाट कुठेच जात नाही. बाकीची अकरा गेली.

पण वह्यांच्या प्रत्येक पानावर डोक्याशी एक ओळ होती. अमुक आळी, अमुक यांचं घर, माळा, लोखंडी पेटी, दुसरा रुमाल, तिसरं पुडकं. चौदाही प्रकरणांतल्या एकूण एक कागदाची. गुरुजींनी मजकूर लिहिला नव्हता, वाट लिहिली होती. आमच्याकडे वाट होती आणि टोकाला वस्तू नव्हती. त्यांच्या वाटेच्या टोकाला वस्तू अजून आहे, कारण कागद त्या घरांत आहेत. दोन मुली मोडी शिकल्या. त्या वही घेऊन जातात, माळ्यावर चढतात, पेटी उघडतात. अकरापैकी दोन प्रकरणं पुन्हा झाली आहेत. नऊ राहिली आहेत, आणि त्यातलं एक घर पुढच्या वर्षी पाडणार आहेत. म्हणून आधी तिथे जायचं ठरलं आहे.

तर मंडळी, कामाचं तेवढं सांगतो आणि थांबतो. लिहून घ्या.

विंडोजमध्ये फाइलवर शिफ्ट दाबून उजवी टिचकी द्या, 'कॉपी ॲज पाथ' दिसेल. विंडोज ११ मध्ये शिफ्ट न दाबताही दिसतं. तिथे फाइल निवडून कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं तरी अलीकडच्या आवृत्त्यांत चालतं. पाथ अवतरणचिन्हांत येतो, घाबरू नका. नुसत्या फोल्डरचा पाथ हवा असेल तर ऑल्ट-डी दाबा, वरची पट्टी निळी होईल, मग कंट्रोल-सी. हाच पाथ फाइल उघडण्याच्या किंवा जोडण्याच्या खिडकीत नावाच्या जागी चिकटवला की दहा फोल्डर उघडत बसावं लागत नाही. मॅकवर ऑप्शन-कमांड-सी. आणि बाण असलेलं चित्र दिसलं की त्यावर उजवी टिचकी देऊन 'ओपन फाइल लोकेशन' म्हणा. तो तुम्हाला खऱ्या घरी नेईल. नक्कल तिथून काढा, बाणाची काढू नका.

आणखी एक. विंडोजमध्ये पूर्ण पाथ साधारणपणे २६० चिन्हांत बसावा लागतो. मराठी नाव देताना लक्षात ठेवा की 'कामठी' ही आपल्याला तीन अक्षरं वाटतात, यंत्र काना आणि वेलांटी धरून पाच मोजतं. नावं मराठीतच द्या, पण लांबलचक नकोत.

या सगळ्याने दिवसाची पाच-दहा मिनिटं वाचतील. ती वाचली की एक काम करा. घरी एक साधी वही घ्या आणि तिच्यात लिहा : घराचे कागद कुठे आहेत, आईचे फोटो कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरात आहेत, तुमचं लिखाण कुठे आहे. मुळापासून, पूर्ण वाट. 'तत्रैव' लिहू नका, कारण वाचणारा वाचेल तेव्हा वरची ओळ सांगायला तुम्ही नसाल. आणि लिहून झाल्यावर त्या वाटेने एकदा स्वतः चालून बघा, टोकाला वस्तू आहे ना. आम्ही ते केलं नव्हतं.

मोडी थोडीफार येणारं कुणी इथे असेल तर व्याख्यान संपल्यावर भेटावं. पेटी जड आहे, माळा उंच आहे आणि आमचे गुडघे आता तिथपर्यंत पोचत नाहीत. पत्ता आमच्याकडे आहे.